कोरड्या नदीच्या पोटात

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी टाकावे लागते. अशा दिवसांत सुट्टी काढून मेळघाटात जाणारी कुटुंबे बरीच असतात. सेमाडोह-कोलकासच्या बाजूला सिपना नदीचा पूल आला की गाडी हळू होते, काचा खाली होतात. खाली गोटे, रेती, वाळलेला पालापाचोळा आणि लांब कुठेतरी एखादे हिरवट डबके. मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, 'हिले नदी म्हणतेत?'

प्रश्न चुकीचा नाही. वर्धा, पूर्णा पाहिलेल्या माणसाला नदी म्हणजे वाहते पाणी एवढेच ठाऊक असते. पण सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या मेळघाटच्या नद्या वर्षातले काही महिने अशाच दिसतात. त्या आटल्या असे आपण म्हणतो. त्यांचे पाणी मात्र पूर्ण गेलेले नसते, ते दोन हात खाली गेलेले असते. त्या दोन हातांवर मेळघाटातली जनावरे, माणसे आणि खाली सपाटीवर राहणारे अकोट-तेल्हाऱ्याचे लोकही उन्हाळा काढतात.

खाली पाणी आहे हे ओळखायला कुठले यंत्र लागत नाही. गाडीत बसूनच पात्राच्या दोन्ही काठांकडे पाहावे. डोंगरावरचा साग पूर्ण निष्पर्ण, करडा, जणू जळून गेलेला. नदीच्या काठाने मात्र अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज यांची हिरवीगार रांग नागमोडी जाताना दिसते. ही झाडे भर उन्हाळ्यात पाने टिकवतात, कारण त्यांची मुळे रेतीखालच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. गंमत अशी की कोरकू भाषेत 'सिपना' म्हणजे साग. नदीला नाव मिळाले ते उन्हाळ्यात पाने टाकून गुमान उभ्या राहणाऱ्या झाडाचे.

मेळघाटात वर्षाला साधारण ९५० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा काही कमी नाही. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि गाविलगडच्या डोंगरांचा उतार त्याला फार थांबू देत नाही. खालचा खडकही तसाच कंजूष. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हा बेसाल्ट झाला. भेगांमध्ये, कुजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात मावेल तेवढेच पाणी तो साठवतो. पावसाळ्यानंतर हा साठा झऱ्यांवाटे हळूहळू नदीत उतरत राहतो. दिवाळीत पाणी खळाळते, संक्रांतीला कमी होते आणि होळीच्या सुमारास धार तुटते. धार तुटली की उरतात डोह. जिथे आडवा कठीण खडक पाणी अडवतो किंवा जिथे झरा अजून जिवंत आहे, तिथे हे डोह टिकतात. सेमाडोह या गावाच्या नावातच डोह आहे.

उघड्या डोहाचे दिवस मोजलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटीमीटरहून अधिक उतरू शकते. महिन्याला फूटभर पाणी हवेत गेले. रेतीतल्या पाण्याचे तसे होत नाही. वरचा थर सुकतो, पण पाणी दीड-दोन फूट खाली गेले की सूर्याचा हात तिथवर पोचत नाही. जाड रेतीच्या कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असतात. मातीसारखे पाणी वर ओढून घेणे त्यांना जमत नाही, त्यामुळे बाष्पीभवन जवळजवळ थांबते. भरलेल्या रेतीच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पाणी काढता येते. पात्रातली रेती ही अशी झाकण लावलेली टाकी आहे.

वऱ्हाडात या टाकीचे झाकण उघडण्याची रीत जुनी आहे. तिला झिरा म्हणतात. पात्रातली ओलसर जागा हेरायची, हाताने किंवा वाटीने रेती उपसायची, कमरेइतका किंवा त्याहून उथळ खड्डा करायचा आणि बसून राहायचे. सुरुवातीला पाणी गढूळ येते. ते उपसून फेकायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नितळ पाणी हळूहळू पाझरते आणि वाटीवाटीने गुंड भरतो. मेळघाटातल्या कोरकू बायांना हे शिकवायला कुणी लागले नाही. शेजारी चार पावलांवर डोह असतानाही त्या पिण्याचे पाणी झिऱ्यातूनच भरतात. शहरी पाहुण्याला हा खुळेपणा वाटतो.

हाच 'खुळेपणा' आफ्रिकेतले हत्ती करतात. टांझानियातले रुआहा, केनियातले सांबुरू, नामिबियातले होआनिबचे खोरे या सगळ्या ठिकाणी हंगामी नद्या आहेत. पावसाळ्यात लोंढा आणि मग कित्येक महिने नुसती वाळू. अभयारण्य पाहायला जगभरातून आलेले लोक याच कोरड्या पात्रांच्या काठी गाडी थांबवून तासन्‌तास बसतात, कारण बघण्यासारखे सगळे तिथेच घडते. हत्ती पात्रात उतरतो, सोंडेने वाळू हुंगतो, पुढच्या पायाने उकरतो, सोंडेने उपसतो. सोंड जाईल एवढेच अरुंद भोक करतो आणि पाणी निवळेपर्यंत थांबतो. त्याचे पिऊन झाले की माकडे, गिनी कोंबड्या, हरणे रांगेत येतात. ज्यांना स्वतःला एवढे खोल उकरता येत नाही, त्यांची तहान हत्तीच्या झिऱ्यावर भागते.

नामिबियातल्या वाळवंटी हत्तींविषयी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले हत्ती शेजारी उघडे पाणी असतानाही वाळूत खड्डे खणून पीत होते. संशोधकांनी दोन्हीकडचे पाणी तपासले. खड्ड्यातल्या पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचे प्रमाण उघड्या पाण्यापेक्षा कमी निघाले. म्हणजे हत्ती नुसते पाणी शोधत नव्हते, ते पाणी गाळून पीत होते.

रेतीचा हा गुण माणसाला फार महागात शिकावा लागला. लंडनमध्ये १८२९ साली थेम्सचे पाणी वाळूच्या थरातून गाळून पुरवायला सुरुवात झाली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने मात्र ते मनावर घेतले नाही. १८९२ मध्ये तिथे पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. खेटून असलेले आल्टोना गाव त्याच एल्बे नदीचे पाणी पीत होते, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे. पण ते वाळूतून गाळून घेत होते. साथ त्या गावाच्या वेशीपाशी थबकली. वाळूच्या कणांवर सूक्ष्मजीवांचा जो पातळ थर जमतो तो रोगजंतूंना अडवतो आणि खाऊनही टाकतो, हे त्यामागचे कारण.

तरीही झिरा म्हणजे घरचे फिल्टर नव्हे. रेतीतून आलेले पाणी स्वच्छ असते ते खड्ड्यात उतरेपर्यंतच. उघड्या खड्ड्यात हात जातात, भांडी जातात, गुरे तोंड घालतात, काठावरची घाण वाऱ्याने आणि पहिल्या सरीने आत येते. अशा पाण्याला उकळी किंवा क्लोरीनचे थेंब हवेतच. मेळघाटाने याची किंमत मोजलेली आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन साथ पसरली, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि काही जणांचा जीव गेला. महिना लक्षात घेण्याजोगा आहे. उन्हाळाभर पाणी नसल्याचे हाल, आणि पाणी आल्यावर पाण्यामुळेच आजार. जुलाब सुरू झाल्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पाजत राहणे आणि दवाखाना गाठणे यात एका दिवसाचाही उशीर लहान मुलाला झेपत नाही.

झिऱ्यावर बाया पहाटेच का जातात? उन्हाचा त्रास हे एक कारण. रात्रभर कुणी उपसा केलेला नसतो, हे दुसरे. तिसरे कारण झाडांचे आहे. काठावरचा अर्जुन दिवसभर मुळांनी पाणी ओढतो आणि पानांतून हवेत सोडतो, रात्री हे काम जवळजवळ बंद असते. त्यामुळे उथळ भूजलाची पातळी दिवसा किंचित उतरते आणि रात्री पुन्हा चढते. अमेरिकेतल्या युटा राज्यात विहिरींच्या पातळीची अशी चढउतार मोजून झाडे किती पाणी पितात याचा हिशेब मांडला गेला, तो १९३२ साली प्रसिद्ध झाला. पहाटेच्या झिऱ्याला पाणी जास्त असते, हे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ज्याला-त्याला माहीत होते.

डोहातली गोष्ट वेगळी आणि जास्त कठीण. पाणी जसे तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात पाचोळा कुजतो आणि उरलेला प्राणवायूही खातो. पहाटेच्या वेळी डोहातले मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात, ते या घुसमटीमुळे. मरळ आणि मागूर हे दोन मासे यातून तगतात, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेता येतो. बाजारात मरळ पाण्याबाहेर तासभर वळवळत राहतो, त्यामागचे रहस्य हेच. बेडूक ओलसर मातीत गाडून घेतात आणि पावसाची वाट पाहतात. खेकडे काठच्या बिळात ओल शोधत खाली जातात.

डोहाच्या काठावर मग सगळे येतात. रानगवा आणि सांबर पाण्याशिवाय फार दिवस काढू शकत नाहीत. वाघ तर नुसता प्यायला येत नाही, मागचे अंग पाण्यात बुडवून बसतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, म्हणून धापा टाकत सावलीत पडण्यापेक्षा हे स्वस्त पडते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा जो उपक्रम मेळघाटात होतो, त्याचे गणितही हेच आहे. पाण्याच्या जागा इतक्या कमी झालेल्या असतात की प्राण्यांना तिथे आल्याशिवाय गत्यंतर नसते. चांदणे फक्त दिसण्यापुरते.

पण गर्दी झाली की धोकाही एका जागी गोळा होतो. शिकाऱ्याला वाट पाहायला तीच जागा सोयीची, पाण्यात विष कालवणाऱ्यालाही तीच. कधी माणसाचा हात नसतानाही पाणीच विष होते. २०२० साली बोट्सवानामध्ये ओकावांगोच्या परिसरात सुमारे ३३० हत्ती मेले, बहुतेक पाणवठ्यांच्या आसपास. सुळे जागच्या जागी होते, त्यामुळे शिकारीचा संशय मागे पडला. तिथल्या सरकारने त्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले की साठलेल्या, तापलेल्या पाण्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचे विष हे कारण होते. डोहावर हिरवा साय आलेला दिसला तर फोटो काढावा, हात घालू नये.

मग पाणी वाढवावे, जागोजागी सिमेंटचे पाणवठे बांधून टँकरने किंवा सौरपंपाने भरावेत, असा विचार साहजिकच येतो. मेळघाटातही उन्हाळ्यात असे पाणवठे भरले जातात आणि दुष्काळी वर्षी त्यांनी जनावरे वाचतात. मात्र हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात अनेक दशके तीनशेहून अधिक बोअर खोदले गेले. पाणी सगळीकडे झाल्यावर एरवी कोरड्या असणाऱ्या उत्तर भागात झेब्रे आणि विल्डेबीस्ट शिरले, त्यांच्यामागे सिंह आले. त्या भागात कोरडेपणाच्या आडोशाला जगणारे रोन नावाचे दुर्मीळ हरीण होते. १९८६ मध्ये त्यांची संख्या साडेचारशेच्या आसपास होती, १९९३ पर्यंत ती पन्नासच्या आत आली. मधल्या दुष्काळाचाही त्यात वाटा होता, तरी अभ्यासकांनी बोट ठेवले ते बोअरवर. पुढे क्रूगरने त्यातले बरेच पाणवठे बंद करून टाकले. नदीचे कोरडे होणे हेही काही जिवांचे संरक्षण असते, हे तिथे फार उशिरा लक्षात आले.

टांझानियातल्या ग्रेट रुआहा नदीचे दुखणे नेमके उलटे आहे. ही नदी पूर्वी बारमाही होती. १९९३ पासून ती दरवर्षी उन्हाळ्यात अभयारण्याच्या आत कोरडी पडू लागली. पाऊस तेवढाच, खडक तोच. फरक पडला तो वरच्या बाजूच्या भातशेतीने. तिथे कालवे काढून पाणी वळवले गेले आणि खाली पाणघोडे चिखलात एकमेकांवर चढून बसू लागले. आटणारी नदी आणि आटवलेली नदी पुलावरून सारखीच दिसते. आतून दोघींमध्ये फार फरक असतो. पहिलीच्या पोटात पाणी असते, कारण तिला दर पावसाळ्यात भरायची सवय आहे. दुसरीचे पोटही हळूहळू रिकामे होत जाते.

हा फरक अकोलेकरांना दूरचा वाटायला नको. गाविलगडच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब सिपनेतून तापीला जातो. दक्षिण उतारावरचा थेंब शहानूर, वान अशा नद्यांतून अकोल्याच्या सपाटीवर उतरतो, पूर्णेला मिळतो आणि शेवटी चांगदेवला तापीतच पोचतो. वान नदी मेळघाटातून निघते, १९९७ साली जाहीर झालेल्या वान अभयारण्यातून येते. अकोला-खंडवा मीटरगेज गाडीतून ती अनेकांनी खिडकीतून पाहिलेली आहे. ती गाडी २०१७ च्या सुरुवातीलाच बंद झाली. डोंगर संपतो तिथे, वारी भैरवगडला, वानेवर हनुमान सागर धरण आहे. खाली पसरला आहे खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहीर खोदावी तर पाणी खारे, हापसावे तर खारे. वर्षानुवर्षे तेच पाणी पिऊन मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन फिरणारी माणसे गावोगाव भेटतात. या पट्ट्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेला गोडे पाणी मिळते ते वानेचे. मेळघाटच्या जंगलाने पावसाळ्यात धरून ठेवलेले पाणीच इथल्या माठात येते. त्या पाण्यावर आता अनेकांचा हक्क सांगितला जातो आणि धरणातून कुणाला किती, यावरून आंदोलनेही झाली आहेत.

ज्यांचा हक्क सगळ्यात जुना, ते मात्र या हिशेबात क्वचितच दिसतात. व्याघ्र प्रकल्पाच्या आतली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशी गावे अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर हलवण्यात आली. आरोग्याच्या आणि सोयींच्या तक्रारी घेऊन त्यातले काही लोक पुन्हा जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे मोठा संघर्ष झाला. जंगल मोकळे झाल्याचा फायदा वाघाला आणि गवताला झाला, यात शंका नाही. पण झिरा कुठे लागतो हे पाठ असलेली माणसे तिथून उठली, हेही तितकेच खरे.

धरणाच्या खाली नदीची कथा पुन्हा बदलते. तिथे रेतीला भाव आहे. पूर्णेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पात्रातून रात्रीबेरात्री ट्रॅक्टर भरून जाणारी रेती म्हणजे घर बांधायचा माल, एवढेच आपण पाहतो. पण एक ब्रास रेती, म्हणजे शंभर घनफूट, पात्रातून उचलली की अंदाजे सातशे लिटर पाणी सांभाळणारी जागा गेली. उरलेल्या उघड्या खडकावर पाणी थांबत नाही आणि शेजारच्या विहिरींची पातळी खाली सरकते. जंगलाच्या आत हा उपसा नाही, म्हणूनच तिथल्या नद्यांचे झिरे अजून लागतात.

उन्हाळ्यात हे पात्र पाहायला जायचे तर पहाटेची सफारी घ्यावी. दुपारच्या उघड्या जिप्सीत उष्माघात व्हायला वाघ दिसेपर्यंतही वेळ लागत नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी, डोक्याला ओला दुपट्टा आणि लहानग्यांसाठी ओआरएसची पुडी सोबत हवी. पात्रात उतरायला परवानगी नसते आणि उतरूही नये. रेतीवर पावलांचे ठसे गाडीतूनही वाचता येतात. रानडुकरांनी ओलीसाठी उकरलेल्या जागा ओळखू येतात. कडेला हिरव्या पालवीची रांग कुठे दाट आणि कुठे विरळ होते, तेही पाहावे. जिथे दाट, तिथे पाणी जवळ.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोंगरावर कुठेतरी जोराची सर पडते. पात्रावर तेव्हा ऊनच असते. आधी आवाज येतो, वाळलेली पाने चिरडल्यासारखा, आणि मग वळणावरून काळपट पाण्याची जीभ काड्या, पाचोळा, फेस पुढे ढकलत येते. हा पहिला लोंढा सगळ्यात घाण असतो. आठ महिन्यांचा कुजका पाला, शेण, राख सगळे त्यात. डोहातले तगलेले मासेही कधीकधी या पाण्यात प्राणवायू नसल्याने मरतात. जाणत्या बाया त्या दिवसांत नदीचे पाणी भरत नाहीत, चार-सहा दिवस थांबतात. उन्हाळाभर ज्यावर गाव जगले तो झिरा तासाभरात बुजून जातो. पावसाळा ओसरला की रेती दुसरीकडे सरकलेली असते आणि फाल्गुन-चैत्रात नवी जागा शोधावी लागते.